लॉट ते दोर्दोन्य: फ्रान्सच्या निवांत रस्त्यांवरची सहा दिवसांची सायकल सफर

फ्रान्स आणि सायकल हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे टूर द फ्रान्स आठवते, आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. चार वर्षांतून एकदा होणारी, १,२०० किलोमीटर ९० तासांत संपवायची ती राइड महाराष्ट्रातल्या कितीतरी सायकलस्वारांचं स्वप्न असते. पण त्या राइडमध्ये गावं मागे पडतात ती रात्रीच्या अंधारात, हेडलाइटच्या उजेडात. ज्यांना तीच गावं उन्हात, थांबून, पाराजवळ सायकल टेकवून बघायची आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मी इथे नैऋत्य फ्रान्समधल्या केर्सी आणि पेरिगोर या भागांतला मार्ग देतो आहे. काओर शहरातून निघायचं, लॉट आणि सेले या नद्यांच्या काठाने फिजाकला जायचं, तिथून उत्तरेला चढून रोकामादूर आणि शेवटी दोर्दोन्य नदीजवळच्या सारलाला पोचायचं. प्रोव्हान्स किंवा लुआरचं खोरं जास्त प्रसिद्ध आहे. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हाच भाग सुचवतो, कारण इथे चढ छोटे आहेत, दर दहा-बारा किलोमीटरवर बघण्यासारखं गाव आहे आणि मुख्य हमरस्ता दुसरीकडून गेल्यामुळे लहान रस्ते खरोखरच रिकामे असतात.

आधी एक सांगतो, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावरच उभं आहे. इथला दिवस किलोमीटरवर आखू नका, घड्याळावर आखा. पुण्याहून महाबळेश्वरला एका दिवसात जाणाऱ्याला रोजचे ५० किलोमीटर किरकोळ वाटतील. पण फ्रेंच गाव कधी उघडं असतं आणि कधी बंद, हे लक्षात न घेता १२० किलोमीटरचा दिवस आखला, तर दुपारी दोन वाजता तुम्ही बंद दारांच्या एका देखण्या गावात उपाशी उभे असाल.

कधी जायचं

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे घाई करावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर जातो, फ्रेंच कुटुंबं सुट्टीवर निघतात आणि सँ-सिर्क, रोकामादूर, सारला ही तिन्ही ठिकाणं माणसांनी भरून वाहतात. मे महिन्यात जात असाल तर १ मे, ८ मे आणि असेन्शनचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा) गुरुवार या सुट्ट्या आधी कॅलेंडरवर मांडून घ्या. त्या दिवशी दुकानं बंद असतातच, शिवाय जोडून सुट्टी घेतलेले लोक खोल्या अडवून बसलेले असतात.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणं कठीण होतं, म्हणून हे काम सगळ्यात आधी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो काढताना सायकलिंग त्यात धरलेलं आहे का, हे लेखी विचारून घ्या.

सायकल: न्यायची की भाड्याने घ्यायची

सायकल स्वतःच्या मापाची आणि सवयीची असेल तर न्यावी, असं माझं मत. विमानासाठी कडक पेटीत किंवा कार्डबोर्डच्या खोक्यात बांधायची, टायरमधली हवा थोडी कमी करायची, पेडल आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, काढून गुंडाळायचा. कार्डबोर्डचं खोकं असेल तर पहिल्या मुक्कामी ते ठेवून घेतील का हे विचारा. आपला मार्ग काओरला सुरू होऊन सारलाला संपतो, म्हणून परतीसाठी खोकं सारलाच्या सायकल दुकानातून मिळवण्याची सोय आधी मेल करून पक्की करावी लागते.

भाड्याने घ्यायची तर ताब्यात घेताना ब्रेक तपासा. फ्रान्समध्ये सहसा डावा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींवर ते उलटं असतं, आणि घाबरून दाबलेला ब्रेक सवयीच्या हाताने दाबला जातो. पहिली पाच किलोमीटर मोकळ्या जागेत मुद्दाम ब्रेक लावून हाताला सवय करा.

गिअर हलके हवेत. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) असली की सामानासकट सगळे चढ बसून चढता येतात. सिंहगड न थांबता चढणाऱ्याला इथला एकही चढ जड जाणार नाही. पण इथे एक मोठा घाट नसतो, दिवसभरात दीड-दोन किलोमीटरचे पाच-सहा खडे चढ असतात, आणि त्यांनी पाय थकतात. टायर २८ मिलिमीटरचे तरी असावेत, ३२ उत्तम. सामान शक्य तितकं कमी: सीटमागची एक मोठी बॅग आणि हँडलवर एक छोटी.

काओरला पोचायला पॅरिसच्या ऑस्टरलिझ स्टेशनवरून थेट आंतरशहर गाडी आहे, पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. या गाडीत उघडी सायकल न्यायला तिकिटाबरोबर १० युरोंचं वेगळं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्याच असतात. तिकिटाच्या वेळीच ते घ्या, नंतर मिळेल या भरवशावर राहू नका.

नकाशा वाचायला शिका

फोनवरचं ॲप वाट दाखवतं, पण निवांत रस्ता कोणता ते बहुतेक वेळा सांगत नाही. त्यासाठी मिशेलिनचा १:१,५०,००० प्रमाणाचा छापील नकाशा घ्या. त्यावर लाल रस्ते मोठ्या वाहतुकीचे, पिवळे मधले आणि पांढरे सगळ्यात लहान. आपण जमेल तिथे पांढरे धरायचे, नाइलाज असेल तिथे पिवळे, आणि लाल रस्ता फक्त ओलांडायचा. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो निसर्गरम्य मानलेला आहे. रस्त्यावर छोटे बाण दिसतील ते चढाचे: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून खडा. संध्याकाळी मुक्कामावर नकाशा पसरून उद्याचे बाण मोजावेत. उद्या किती वाजता निघायचं, हे त्यावरून ठरतं.

रस्त्यांच्या नावातलं ‘डी’ हे अक्षर जिल्हा रस्त्याचं. या रस्त्यांवर पिवळ्या टोपीचे मैलाचे दगड दिसतात. पुढे मी डी ४१ वगैरे लिहिलं आहे ते याच अर्थाने.

उन्हाळ्यात एक पाटी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: ‘ग्राव्हियाँ’. रस्त्यावर नुकतीच डांबर टाकून बारीक खडी पसरली आहे, असा त्याचा अर्थ. अशा उतारावर वळणात ब्रेक लावला तर पुढचं चाक निसटतं. वेग पाटीपाशीच कमी करा, वळणाच्या आत नाही.

उजवी बाजू आणि कायदे

उजव्या बाजूने चालवण्याची सवय तासाभरात होते. चूक होते ती विश्रांतीनंतर रिकाम्या रस्त्यावर पुन्हा सुरुवात करताना आणि डावीकडे वळल्यावर, कारण समोर गाडी नसल्यामुळे आठवण करून देणारं कोणी नसतं. हँडलवर उजव्या बाजूला एक रंगीत चिकटपट्टी लावा, ती दोन दिवस पुरते. गोलचौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं.

गावांमध्ये मात्र एक नियम आपल्या सवयीच्या पूर्ण बाहेरचा आहे. वेगळी पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला. गल्ली कितीही बारीक असो, त्यातून म्हातारे आजोबा जुनी गाडी घेऊन न बघता बाहेर येतात आणि कायदा त्यांच्या बाजूने असतो. पिवळा चौकोन कोनावर उभा केलेली पाटी दिसली तर आपला रस्ता प्राधान्याचा.

ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि गावाकडचे चालक ते खरंच सोडतात. वळणावर तुमच्यामागे शांतपणे थांबून राहतात. आपल्याकडच्या हॉर्नला सरावलेल्या कानांना ही शांतता पहिल्यांदा अनुभवताना भरून येतं. मागे गाडी आहे हे कळलं की जोडीने चालणाऱ्यांनी एकामागोमाग व्हावं, हात वर करून आभार मानावेत. कानात इअरफोन घालून चालवल्यास १३५ युरो दंड आहे. घंटी सक्तीची आहे. अंधार पडल्यावर किंवा धुक्यात पुढचा-मागचा दिवा लागतो आणि वस्तीबाहेर चमकणारं जॅकेटही घालावं लागतं. हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नसलं तरी ते घालाच.

गावाचं घड्याळ

बुलांजरी, म्हणजे पावाचं दुकान, सकाळी सातच्या सुमाराला उघडते आणि साडेबारा-एकला बंद होते. बरीच दुकानं आठवड्यातला एक दिवस, अनेकदा सोमवार, पूर्ण बंद असतात. खानावळीत जेवण बारा ते दीड या वेळातच. पावणेदोनला पोचलात तर नम्रपणे नकार मिळेल, आणि रात्रीचं जेवण सातच्या आधी सुरू होत नाही. रविवारी दुपारनंतर सगळं सामसूम.

त्यामुळे माझा दिवस असा: आठला निघायचं, जाताना पाव आणि चीज घेऊन ठेवायचं, बाराच्या आधी जेवणाच्या गावात पोचायचं, दुपारी सावलीत थांबून देऊळ-वाडा बघायचा आणि चारनंतर उरलेले पंधरा-वीस किलोमीटर मंद उन्हात करायचे. हे अंतर दिवसाला ५०-५५च्या वर जात नाही. जाऊ देऊ नका.

दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग मागायचं. हा केवळ शिष्टाचार नाही. न बोलता थेट मागणी केली की समोरचा माणूस दुखावतो आणि पुढचं सगळं कोरडं होतं.

पाण्यासाठी कब्रस्तान शोधा. फ्रान्समधल्या जवळपास प्रत्येक गावच्या कब्रस्तानात फुलांना पाणी घालायला नळ असतो, आणि सायकलस्वार पिढ्यानपिढ्या तिथेच बाटल्या भरत आले आहेत. नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. आत जाताना सायकल फाटकाबाहेर ठेवा आणि आवाज कमी करा.

शाकाहारी असाल तर

हा बदकाचा प्रदेश आहे, त्यामुळे थोडं सावध राहावं लागतं. ‘झ न मांज नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही, हे वाक्य पाठ करा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मासा पुढे येण्याची शक्यता असते. सॅलडमध्ये लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, किंवा बदकाच्या जठराचे तुकडे घातलेले असतात. ‘सां लार्दों’, म्हणजे लार्दों न घालता, असं म्हणा. बटाट्याची ‘पोम सार्लादेझ’ ही डिश निरागस दिसते, पण ते बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले असतात.

खायला मिळतं मात्र उत्तम. रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं छोटं चपटं चीज पावावर भाजून, अक्रोड आणि मध घालून देतात. अक्रोड इथलेच. साधं ऑम्लेट, भाज्यांचं सूप, अक्रोडाचा पाव आणि बाजारातली फळं एवढ्यावर दिवस छान जातो. पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजलेलं असतं, हे कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावं. त्यांनी काओरच्या बाजारातून सुकामेवा आणि भाज्या घेऊन स्वयंपाकघर असलेल्या मुक्कामात राहणं बरं.

मुक्कामासाठी ‘आक्यूय व्हेलो’ ही पाटी शोधा. ती लावलेल्या ठिकाणी सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची अवजारं असतात. घरगुती खोल्या, यात्रेकरूंच्या वाटेवरची ‘जीत देताप’ ही साधी विश्रामगृहं आणि नगरपालिकेची तंबूची मैदानं हे तिन्ही पर्याय स्वस्तापासून मध्यमपर्यंत आहेत. सायकलची दुकानं काओर, फिजाक आणि सारलासारख्या मोठ्या गावांतच आहेत. दोन ट्यूब, चेनचा जोड, डिरेलरचा हँगर (तो सायकलला जोडणारा तुकडा) आणि एक स्पोक जवळ ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२.

पहिला दिवस: काओर ते सँ-सिर्क-लापोपी, सुमारे ३० किलोमीटर

काओर लॉट नदीच्या वळशात वसलेलं आहे. निघण्याआधी पाँ व्हालांत्रे हा तीन बुरुजांचा पूल चालत ओलांडा. १३०८ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला सत्तरएक वर्षं लागली. गवंड्याने सैतानाशी करार करून त्याला फसवलं, अशी दंतकथा आहे. १८७९च्या दुरुस्तीत वास्तुविशारद पॉल गू यांनी मधल्या बुरुजावर दगड उपटू पाहणारा छोटा सैतान कोरून घेतला. तो खालून शोधावा लागतो. बुधवार किंवा शनिवार असेल तर कॅथेड्रलसमोरचा बाजार करून निघा.

वेर गावापर्यंत वाहतूक जाणवते. तिथे मोठा रस्ता डावीकडे फुटतो आणि डी ६६२ एकटा नदीकाठाने पुढे जातो. बुझिएसला पूल ओलांडून दुसऱ्या काठाने चढ घ्यायचा. वरच्या वळणावरून सँ-सिर्क दिसतं: नदीपासून १०० मीटर उंच कड्याला लगडलेली तपकिरी छपरं. कवी आंद्रे ब्रताँ यांनी इथे घर घेतलं आणि उन्हाळे इथे काढले. गावात मुक्काम मिळाला तर घ्याच. सहानंतर गाड्या निघून गेल्या की दगडी गल्ल्यांत फक्त राहणारे लोक उरतात. गल्ल्यांतले गोटे आणि सायकलचे बूट यांचं जमत नाही, बॅगेतल्या चपला घाला.

दुसरा दिवस: सेलेचं खोरं, फिजाकपर्यंत सुमारे ५५ किलोमीटर

संपूर्ण मार्गातला माझा आवडता दिवस. एकच दिवस हाताशी असेल तर हाच करा.

सँ-सिर्कहून तूर-द-फोरला उतरायचं, नदीकाठाने पश्चिमेला परत येऊन कोंद्युशेला सेले नदीच्या तोंडाशी डी ४१ वर वळायचं. काब्रेरे गावात कड्याच्या पोटातच बांधलेला पडका किल्ला आहे, मागची भिंत म्हणजे डोंगरच. वरच्या टेकडीवर पेश मेर्लची गुहा. १९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांनी ती शोधली, आणि तिच्यातले ठिपक्यांचे घोडे सुमारे २९,००० वर्षांपूर्वीचे आहेत. लास्को या प्रसिद्ध चित्रगुहेसारखी इथे प्रतिकृती नाही, मूळ चित्रंच बघायला मिळतात. म्हणूनच रोजच्या माणसांची संख्या मर्यादित आहे. सकाळची पहिली वेळ आठवडे आधी आरक्षित करा. आत थंडी असते, जॅकेट न्या.

पुढे चाळीसएक किलोमीटर नदी, चुनखडीचे कडे आणि पॉप्लरची झाडं. रस्ता नदीशेजारून जातो, मध्येच कड्याखाली शिरतो, छोटी उंची घेतो आणि पुन्हा पाण्याशी येतो. मोठा चढ नाही, म्हणून वेगाचा मोह होतो. तो आवरा. मार्सियाकला जेवणासाठी थांबा. इथल्या बेनेडिक्टाइन मठाचं अर्धं छप्पर गेलेलं आहे आणि खांबांच्या मध्ये आकाश दिसतं. एकेकाळी रोकामादूरच्या देवस्थानावर याच मठाचा हक्क होता. तूल गावच्या मठवासीयांनी तिथे बस्तान बसवलं, ११६६ मध्ये संत आमादूरचं म्हणून मानलेलं शरीर सापडलं, यात्रेकरू आणि पैसा वाढला, आणि दोन मठांत दीर्घ भांडण जुंपलं. तीन दिवसांनी तुम्ही रोकामादूरला पोचाल तेव्हा तिथली गर्दी बघून मार्सियाकने काय गमावलं ते कळेल. मला मात्र मार्सियाकच जास्त भावतं.

त्यापुढे एस्पान्याक-सँत-यूलालीला लाकडी चौकटीचा घंटाघर असलेला जुना मठ आहे, त्यात मुक्कामाची सोयही आहे. यात्रेकरूंची एक पायवाट या खोऱ्यातून जाते, त्यामुळे पाठीवर पिशव्या घेतलेले लोक भेटतात. त्यांच्याजवळून जाताना लांबूनच घंटी वाजवा.

तिसरा आणि चौथा दिवस: फिजाक ते सँ-सेरे, तिथून कारेनाक

फिजाकला प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडणारे शांपोलियों १७९० मध्ये जन्मले. त्यांच्या घराजवळच्या चौकात जोसेफ कोसुथ यांनी १९९१ मध्ये ज्या शिळेच्या आधारे ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती जमिनीवर घातली आहे. तुम्ही अक्षरांवरूनच चालता. आपल्या मार्गातली ही एकच आधुनिक कलाकृती आणि मनावर ठसणारी. सकाळचा वेळ इथे द्या, शनिवार असेल तर बाजारही असतो.

फिजाकहून कार्दायाकमार्गे लाकापेल-मारिवाल आणि सँ-सेरे, सुमारे ४५ किलोमीटर. चुनखडी संपून ग्रॅनाइट सुरू होतो, चेस्टनटची झाडी दाटते, हवा बदलते. थेट डी ९४० वर गाड्या असतात, पांढरे रस्ते धरले तर चढ वाढतात. मी पांढरेच धरेन.

चौथा दिवस मुद्दाम आखूड ठेवा, तीसएक किलोमीटर. ओत्वार, लुब्रसाक आणि कारेनाक ही तिन्ही गावं फ्रान्सच्या ‘सर्वात सुंदर गावां’च्या यादीत आहेत. ती यादी १९८२ मध्ये जवळच्याच कोलोंज-ला-रूज गावातून सुरू झाली. ओत्वार घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्यांच्या कुशीत, लुब्रसाक डोंगराच्या धारेवर, कारेनाक दोर्दोन्यच्या काठी. ओत्वारहून लुब्रसाकचा चढ खडा आहे, तो सकाळीच उरका.

पाचवा दिवस: पठारावरून रोकामादूर, सुमारे ३० किलोमीटर

ग्रामा या गावाच्या नावाने ओळखलं जाणारं पठार कोरडं आहे. पाऊस चुनखडीत मुरतो आणि जमिनीखालून वाहतो, म्हणून वर ओढा दिसत नाही. दोन्ही बाटल्या कारेनाकलाच भरा. वाटेत पादिराकचं विवर लागतं, ७५ मीटर खोल. १८८९ मध्ये एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी तिथे उतरून भूमिगत नदी शोधली. आज होडीतून जाता येतं, तिकीट आधी काढा.

रोकामादूर पहिल्यांदा बघावं ते लोस्पितालेच्या कड्यावरून. समोरच्या भिंतीवर खाली गाव, मध्ये देवस्थानं, वर किल्ला. २०२२च्या टूर द फ्रान्समध्ये लाकापेल-मारिवाल ते रोकामादूर ही ४०.७ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायची शर्यत, झाली आणि वाउट व्हान आर्तने ती जिंकली. शेवटचा लोस्पितालेचा चढ दीड किलोमीटरचा, सरासरी ७.८ टक्के. सामान खोलीत टाकून संध्याकाळी तो एकदा मोकळ्या सायकलने चढून बघा. देवस्थानाच्या २१६ पायऱ्यांसाठी मात्र साधे बूट घाला.

सहावा दिवस: सारला, सुमारे ५५ किलोमीटर

लाकावकडे उतरणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, ब्रेक आधी तपासा. सुयाकच्या मठात बायबलमधला संदेष्टा यशया याचं बाराव्या शतकातलं शिल्प आहे. दगडात नाचल्यासारखं ते वळलेलं आहे, ते चुकवू नका. पुढे काझुलेसपासून सारलापर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर डांबरी सायकलवाट केलेली आहे, सुमारे २५ किलोमीटर, गाड्या नाहीत आणि चढ नावापुरता. मात्र ती रस्ते ओलांडते तिथे थांबायचं असतं, आणि कुटुंबं मुलांना घेऊन येतात, म्हणून वेग आवरा.

सारलाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. एक दिवस जास्त असेल तर दोम, ला रोक-गाजाक आणि बेनाक ही ४५ किलोमीटरची फेरी करा. दोमचा चढ जेवणाआधी, नदीकाठचा रस्ता सकाळी दहाच्या आत, कारण तिथे गाड्या लवकर वाढतात. परतीला सारलाहून बोर्दोला थेट प्रादेशिक गाडी आहे, बर्जराकमार्गे, आणि बोर्दोहून पॅरिसला वेगवान गाड्या. प्रादेशिक गाडीत सायकलची जागा मोजकी असते, म्हणून सकाळची पहिली गाडी धरा. सारलाचं स्टेशन गावाच्या दक्षिणेला टेकडीच्या कडेला आहे, तिथे पोचायला पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.